नाक्यावरच्या अपघातांची वही: कशी ठेवायची आणि तिच्या जोरावर रस्ता कसा दुरुस्त करून घ्यायचा

ठाण्यात घोडबंदर रोडवर, मानपाडा आणि कासारवडवलीच्या मधल्या एका नाक्यावर आमचे औषधांचे दुकान आहे. समोर सर्व्हिस रोड, पलीकडे मेन रोड, मध्ये दुभाजक आणि त्या दुभाजकात गाड्या वळवायला ठेवलेला एक कट. सकाळी रहदारी कमी असताना तिथे नुसती नजर टाकली तरी इंडिकेटरच्या नारिंगी प्लॅस्टिकचे तुकडे दिसतात, काचेचा चुरा दिसतो. दुभाजकाच्या टोकाला टायर घासून उमटलेले काळे पट्टे दिसतात, एकावर एक. झाडूवाले तुकडे उचलून नेतात, पट्टे तसेच राहतात.

दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला पलीकडच्या सोसायटीतल्या एक काकू यायच्या. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, संध्याकाळी सातच्या सुमारास घरी परतताना या कटापाशीच त्यांना स्कूटरने उडवले. खुब्याचे हाड मोडले. स्कूटरवाला कॉलेजातला पोरगा होता, त्यालाही लागले होते आणि तो रडत होता. ‘पोराच्या मागे कशाला लचांड’ म्हणून घरच्यांनी तक्रार केली नाही. दवाखान्यात ‘घसरून पडल्या’ असे सांगितले. आता त्यांचा मुलगा येऊन गोळ्या नेतो. काकूंचा अपघात कुठल्याच सरकारी कागदावर नाही.

त्या रात्री शटर ओढण्याआधी मी एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर तारीख, वेळ आणि चार ओळी लिहून ठेवल्या. ती वही आजही काउंटरखाली आहे. तिने मला शिकवले ते असे की एका नाक्यावर होणारे अपघात क्वचितच नवे असतात. जागा तीच, वेळ साधारण तीच, धडकेची तऱ्हाही तीच. ही पुनरावृत्ती कागदावर मांडता आली, तर रस्त्यात काय बदलायला हवे तेही नेमके सांगता येते. ‘काहीतरी करा हो’ म्हणत फिरावे लागत नाही. शहापूर, मुरबाड, बदलापूरसारख्या गावांतही हे जमण्यासारखे आहे. वही, टेप, मोबाइल आणि तीन-चार चिकाटीची माणसे एवढेच लागते.

पहिली पायरी: आपला तुकडा ठरवा

सगळा रस्ता घेऊ नका. साधारण ५०० मीटरचा तुकडा घ्या. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांसाठी ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या केली आहे ती अशी: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले ५ अपघात, किंवा ३ वर्षांत मिळून १० मृत्यू. तुमचा रस्ता राज्य महामार्ग असो की महापालिकेचा, याच मापात बोललात तर इंजिनिअरला तुमचे म्हणणे लगेच कळते.

तुकड्यातल्या जागा विजेच्या खांबांवरून लिहा. खांबांवर नंबर रंगवलेले असतात. ‘मेडिकलसमोर’ असे लिहिले तर चार महिन्यांनी तुमचे तुम्हालाच कळत नाही, खांबाचा नंबर मात्र कुणालाही सापडतो. नंबर पुसले असतील तर एका टोकापासून स्वतः मोजत जा.

हा तुकडा कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो तेही आधीच विचारून घ्या. एकट्या घोडबंदर रोडवर कापूरबावडी, चितळसर आणि कासारवडवली अशी वेगवेगळी पोलीस ठाणी आहेत. तुमचा तुकडा दोन हद्दींच्या सीमेवर असेल तर अर्धे अपघात एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे नोंदले जातात. मग दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याला ‘इथे फारसे काही होत नाही’ असेच वाटते.

दुसरी पायरी: वही

रकाने थोडेच ठेवा, नाहीतर आठवड्यात कंटाळा येईल. तारीख आणि वार, वेळ, खांब नंबर, कोण कोणाला धडकले, दोघे कुठून कुठे जात होते, उजेड कसा होता, रस्ता कोरडा की ओला, आणि दुखापत किती. वाहनांचे नंबर, माणसांची नावे, चूक कोणाची हे काहीही लिहू नका. ही वही कोणाला पकडायला नाही, आणि नावे नसली की लोक मोकळेपणाने सांगतात.

थोडक्यात टळलेले प्रसंगही लिहा. कचकन ब्रेक लागला, हँडल सुटता सुटता वाचले, माणूस मागे उडी मारून बचावला, हे सगळे. अपघात महिन्यात एखादा होतो, टळलेले प्रसंग रोज होतात, म्हणून त्यांच्यातून नमुना लवकर दिसतो. त्यांच्यासमोर नुसती फुली मारली तरी चालते.

माहिती आणायची कुठून? मी औषधवाला असल्याने मला एक फायदा झाला. गुडघा फुटलेला, कोपर खरचटलेला माणूस पोलिसांकडे जात नाही, तो आमच्याकडे येऊन बँडेज आणि बीटाडीन मागतो. ‘कुठे पडलात?’ एवढे विचारले की तो सगळे सांगतो. तुमच्या नाक्यावरच्या औषधवाल्याशी बोला. रिक्षा स्टँडवरचे चालक, पंक्चरवाला, चहाची टपरी, सोसायटीचे वॉचमन, पहाटेचे दूधवाले यांच्याशीही बोला. रात्रीचे वॉचमन तर सोन्यासारखे साक्षीदार आहेत. एक ते चारच्या दरम्यान काय झाले हे दुसऱ्या कोणालाच माहीत नसते. दर रविवारी एकाने चक्कर मारून त्या आठवड्याचे विचारून घ्यायचे, असे आम्ही ठरवून टाकले.

निदान ६ महिने लिहा, त्यात पावसाळा आला तर उत्तम.

तिसरी पायरी: पोलिसांकडची नोंद मिळवा

तुमची वही आणि पोलिसांचे आकडे जुळणार नाहीत, आणि त्यात पोलिसांचा दोष असतोच असे नाही. सांगितलेच नाही ते लिहिणार कसे? इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कायद्याने हाड मोडणे किंवा सांधा निखळणे ही ‘गंभीर दुखापत’ धरली जाते. म्हणजे काकूंचा खुबा, दुचाकीवरून पडून मोडलेले मनगट, हे सगळे ब्लॅक स्पॉटच्या त्या ५ अपघातांत मोजले जायला हवे. घरच्या घरी मिटवलेला प्रत्येक फ्रॅक्चर त्या यादीतून गळतो. म्हणून हाड मोडले असेल तर नोंद करायला सांगा. समोरच्यावर राग नसला तरी करा, पुढच्या माणसासाठी करा.

पोलीस आता अपघाताच्या जागेचे अक्षांश-रेखांश, फोटो आणि तपशील ‘ई-डार’ या देशभराच्या संगणकीय प्रणालीत भरतात. एकत्रित माहितीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा प्रस्तावना न लिहिता थेट मागा: ‘दि. … ते दि. … या ३ वर्षांत … रोडवर खांब क्र. … ते … दरम्यान नोंद झालेल्या रस्ते अपघातांची तारीख, वेळ, ठिकाण, वाहनांचे प्रकार, धडकेचा प्रकार, मृत व जखमींची संख्या.’ नावे मागू नका, ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात आणि सगळा अर्जच लांबतो. दोन हद्दी असतील तर दोन अर्ज.

चौथी पायरी: नकाशा काढा

एका मोठ्या कागदावर तुकडा वरून पाहिल्यासारखा काढा: दुभाजक, कट, झेब्रा, बस थांबा, रिक्षा स्टँड, खांब, मेट्रोच्या कामाभोवती उभे केलेले पत्रे, दुकानांसमोरचे पार्किंग. मग प्रत्येक अपघात बाणांनी दाखवा. एक बाण एका वाहनाचा, पादचाऱ्यासाठी तुटक बाण. दिवसाचा निळ्या पेनाने, अंधारातला लाल. पाऊस असेल तर शेजारी ठिपका. प्रमाण चुकले तरी बिघडत नाही.

पंधरा-वीस बाण झाले की काही जागी गर्दी दिसू लागते. आमच्या कागदावर कटाच्या एका बाजूला लाल बाणांचा गुंता झाला होता आणि ज्या वळणाला आम्ही सगळे ‘डेंजर’ म्हणायचो तिथे जवळजवळ काहीच नव्हते. तिथे लोक आधीच जपून चालवतात.

वेळांचा एक साधा पट्टाही काढा, २४ घरांचा. देशभराच्या सरकारी आकडेवारीत संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत सर्वाधिक अपघात दिसतात आणि आमची वहीही तेच सांगते. अंधार पडलेला, माणसे थकलेली, क्लासची मुले रस्त्यावर, आणि खांबावरचा एखादा दिवा बंद. बंद दिव्यांचे खांब नंबर याच पट्ट्याखाली लिहून ठेवा. एवढे एक काम सगळ्यात लवकर होते.

पाचवी पायरी: वेग मोजा

‘गाड्या फार जोरात येतात’ या वाक्याला कार्यालयात किंमत नसते. आकड्याला असते, आणि तो काढायला यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेने टेपने ५० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूने खूण करा, किंवा तेवढ्या अंतरावरचे दोन खांब धरा. गाडीचे पुढचे चाक पहिल्या खुणेवर आले की मोबाइलचे स्टॉपवॉच सुरू, दुसऱ्या खुणेवर बंद. मग १८० ला त्या सेकंदांनी भागा. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार लागले तर ४०, तीनच लागले तर ६०.

मोजताना दुभाजकावर अजिबात उभे राहू नका. फुटपाथवर, शक्यतो पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसा. खाली वही-पेन घेतलेला माणूस दिसला की गाड्या हळू होतात आणि आकडे खोटे येतात. रस्ता मोकळा असताना मोजा, जॅममधला वेग काही सांगत नाही. १०० गाड्या मोजून वेगाच्या उतरत्या क्रमाने लिहा. वरच्या १५ सोडल्या की त्याखालच्या गाडीचा वेग तो ‘८५ टक्क्यांचा वेग’. रस्त्याचे इंजिनिअर हाच आकडा वापरतात.

वेगाचा हिशेब एकदा स्वतः करून पाहा, मग तो विसरता येत नाही. समोर माणूस आला हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरू. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० ने येणारी गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. ताशी ६० ची गाडी साधारण ३७ मीटर घेते, ओल्या रस्त्यावर ५० च्या वर. आता २० मीटरवर एक माणूस रस्त्यात आला असे समजा. ४० वाली गाडी त्याच्यापाशी येऊन थांबते. ६० वालीचे जवळजवळ १७ मीटर त्या एका सेकंदातच गेलेले असतात, आणि ती अजून ताशी ५५ च्या आसपास वेगात असताना त्याला धडकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो.

आणखी एक मोजणी म्हाताऱ्या माणसांसाठी करा. ३ लेन म्हणजे साधारण साडेदहा मीटर. तरणा माणूस ते ९ सेकंदांत ओलांडतो, गुडघे दुखणाऱ्या काकूंना १३ लागतात. १३ सेकंदांत ताशी ६० ची गाडी २१५ मीटरहून जास्त येते. म्हणजे काकूंनी पाऊल टाकले तेव्हा ती गाडी त्यांना दिसणेही अवघड होते. ‘बघून ओलांडायचं ना’ असे म्हणण्याआधी हा आकडा आठवा.

सहावी पायरी: नमुना ओळखा

इथे घाई करू नका. सगळ्या कामाचे फळ याच पायरीत आहे.

सगळ्यात फसवा नमुना आडोशाचा. एक गाडी माणुसकीने थांबते, पायी जाणाऱ्याला ‘जा’ म्हणून हात दाखवते, आणि तिच्या बाजूच्या लेनमधून येणाऱ्याला तो माणूस दिसतच नाही. काकूंना बसने थांबून जागा दिली होती. त्या बसच्या पुढून बाहेर आल्या आणि शेजारच्या लेनमधून स्कूटर आली. पोरगा फार वेगात होता असेही नाही, त्याच्या आणि काकूंच्या मध्ये एक अख्खी बस उभी होती. आमच्या नकाशावरच्या लाल बाणांतले बरेचसे याच तऱ्हेचे निघाले. हा नमुना दिसला तर झेब्रापासून काही मीटर मागे ठळक थांबरेषा मागा. पहिली गाडी मागे थांबली की दोघे एकमेकांना दिसतात. बस थांबा झेब्राच्या अलीकडे असेल तर तो पलीकडे हलवायला सांगा, म्हणजे उतरलेले लोक बसच्या मागून ओलांडतील आणि येणाऱ्या गाड्यांना दिसतील. दुभाजकात दोन माणसे पिशव्या घेऊन उभी राहू शकतील एवढी सुरक्षित जागा असली की म्हाताऱ्या माणसाला रस्ता दोन हप्त्यांत ओलांडता येतो.

दुसरा, कंटेनरच्या डाव्या कुशीचा. उरणच्या जेएनपीए बंदरातून गुजरातकडे जाणारी अवजड वाहने मुंब्रा बायपास, माजिवडा करत आमच्या रस्त्याने जातात. त्यांना ठरावीक वेळीच सोडतात, तेव्हा वहीत त्या तासांकडे वेगळे लक्ष द्या. एकदा नाक्यावर बंद पडलेल्या ट्रेलरच्या चालकाला विनंती करून मी त्याच्या सीटवर बसलो. आमच्या दुकानातला मुलगा केबिनच्या डाव्या चाकाशी उभा होता, हात वर करून हलवत होता. मला त्याची बोटेही दिसली नाहीत. आरशात दिसली ती फक्त मागची पत्र्याची भिंत. शिवाय असे लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात, आणि जी जागा दुचाकीवाल्याला मोकळी वाटते तीच बंद होते. चालकाचा चेहरा त्याच्या आरशात तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही, हे घरातल्या प्रत्येक दुचाकीवाल्याला सांगा. रस्त्याच्या बाजूने उपाय म्हणजे त्या कोपऱ्यावरचे पार्किंग हटवणे आणि वळणाआधी दुचाकी डावीकडे घुसू नये असे बोलार्ड, म्हणजे आखूड खांब, लावणे.

कटाचा स्वतःचा एक नमुना आहे. वळायला थांबलेल्या गाडीसाठी वेगळी लेन नसली की तिचा मागचा भाग वेगवान लेनमध्ये बाहेर राहतो. मागून येणारा एकतर आदळतो, नाहीतर ती चुकवायला डावीकडे येऊन तिसऱ्याला ठोकतो.

राँग साइडचे अपघात सर्व्हिस रोडवर जास्त. पायी चालणारा उजवीकडे बघून पाऊल टाकतो आणि दुचाकी डावीकडून येते. इथे दंड हवाच, पण पुढचा यू-टर्न किती लांब आहे तेही मोजा. दीड-दोन किलोमीटर फेरा पडत असेल तर लोक रोज नियम मोडणार. ते अंतर तुमच्या पत्रात लिहा.

पावसात घसरण्याच्या नोंदी वेगळ्या काढा आणि प्रत्येकीत चाकाखाली काय होते ते लिहा: खड्डा, खड्ड्यात भरलेले आणि अर्धवट वर आलेले पेव्हर ब्लॉक, लोखंडी प्लेट, खडी, की डंपरमधून सांडलेली माती. ‘पावसामुळे घसरला’ एवढ्याने काही हाती लागत नाही. ‘प्लेटची कडा दोन बोटे वर होती’ यावर दुसऱ्या दिवशी माणूस पाठवता येतो.

सर्व्हिस रोड मेन रोडमध्ये सामावून घेण्याचे काम किंवा मेट्रोचे काम तुमच्या तुकड्यात आले की जुना नकाशा बाजूला ठेवून नवा सुरू करा. रस्त्याची रचना बदलली की अपघातांची जागाही बदलते.

सातवी पायरी: स्वस्त उपाय आधी मागा

उड्डाणपूल, स्कायवॉक मागितला की फाइल वर्षानुवर्षे फिरते. दुभाजकातली झुडपे कमरेच्या खाली कापणे, बंद दिवे, पुसलेले झेब्रा, दुभाजकाच्या टोकाला चमकणारा फलक, रस्त्यात कॅट आय (दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या खुणा), कोपऱ्यावरचे शेवटचे काही पत्रे काढून तिथे आरपार दिसणारी जाळी, ही कामे थोड्या पैशात होतात आणि जीव वाचवतात.

गतिरोधकाबद्दल सावध राहा. सोसायटीच्या मंडळींनी रातोरात बांधलेला अरुंद, उंच उंचवटा दुचाकीवाल्याला पाडतो आणि अँब्युलन्समधल्या रुग्णाचे हाल करतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत नेहमीच्या गोलाकार गतिरोधकाचे माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असे आहे, ताशी २५ किलोमीटरच्या वेगासाठी. म्हणजे तो आतल्या रस्त्यांवर ठीक, कंटेनरच्या मेन रोडवर नव्हे. आधी फलक, वर रंगाचे पट्टे आणि रात्री उजेड नसेल तर तो मागूच नका.

आठवी पायरी: पत्र

आधी रस्ता कोणाचा ते शोधा. महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ), काहीही असू शकते, आणि दिवे एकाचे, डांबर दुसऱ्याचे असेही असते. माझे पहिले पत्र एका कार्यालयाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवले, त्यात पाच महिने गेले. तेव्हापासून एकच पत्र सगळ्यांच्या नावे, एकाच दिवशी: रस्त्याची मालकी असणारे खाते, वाहतूक पोलीस, बस थांब्याचा प्रश्न असेल तर परिवहन, आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच असतात. प्रत्येक ठिकाणी आवक नंबर आणि शिक्का घ्या. मजकूर असा ठेवा:

‘विषय: … नाका, खांब क्र. … समोरील दुभाजकातील कट येथील अपघात व उपाय.

महोदय, वरील ठिकाणी दि. … ते दि. … या काळात रहिवासी व दुकानदारांनी … अपघात व … थोडक्यात टळलेले प्रसंग नोंदवले आहेत. त्यांतील … प्रसंग संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत, थांबलेल्या वाहनाच्या आडून येणाऱ्या दुचाकीची पादचाऱ्याला धडक, या एकाच प्रकारचे आहेत. मोकळ्या रस्त्यावरील ८५ टक्क्यांचा वेग ताशी … किलोमीटर आढळला. नकाशा, वेगमोजणी व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. १) थांबरेषा मागे घेणे, २) खांब क्र. … येथील दिवा सुरू करणे, ३) झुडपे छाटणे, ही कामे तातडीने व्हावीत आणि कटाबाबत संयुक्त पाहणीची तारीख कळवावी, ही विनंती.’

मागण्या तीनच ठेवा. शेवटी एक ओळ घालता येते: २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल निकषांप्रमाणे न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणा व ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धमकीच्या सुरात नको, माहिती म्हणून लिहा. संयुक्त पाहणी सकाळी अकराला ठेवली तर संध्याकाळचा रस्ता कोणाला दिसत नाही, म्हणून सातची वेळ मागा. आमच्याकडे एक तरुण इंजिनिअर सातला आले, स्वतः ओलांडून पाहिले, आणि त्यानंतर फार बोलावे लागले नाही.

अपघात समोरच झाला तर

आधी मागची वाहने थांबवा, नाहीतर मदत करणाराच उडतो. एखादी गाडी आडवी लावून तिचे चारही इंडिकेटर सुरू करायला सांगा. १०८ ला अँब्युलन्ससाठी, ११२ ला पोलिसांसाठी फोन, खांब नंबर सांगून. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखे उचलून बघू नका. पाणी पाजू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढू नका, आणि जागेवर जिवाला धोका नसेल तर हातपाय धरून उचलू नका.

पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. नाव सांगण्याची सक्ती नाही. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळण्याची सोय आहे, दवाखान्यात ती विचारा. ठोकून पळालेले वाहन सापडले नाही तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई मिळते, अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. या सगळ्याला पोलिसांची नोंद लागते, म्हणून पुन्हा सांगतो, नोंद करा.

काम झाल्यानंतर

रंग ओला असतानाच हार-तुरे नकोत. दोन महिने अपघात झाला नाही म्हणजे उपाय लागू पडला असे नसते, कधी कधी नुसते महिनेच शांत जातात. जून ते सप्टेंबरची तुलना पुढच्या जून ते सप्टेंबरशीच करा. वेग त्याच खुणांवर, त्याच वेळी पुन्हा मोजा. टळलेल्या प्रसंगांच्या फुल्या मोजा, त्या कमी झाल्या की बदल खरा.

आमच्याकडे थांबरेषा मागे गेली, दिवा लागला, झुडपे कापली, आणि गेल्या पावसाळ्यानंतर कट बंद झाला. कटाची पाने आता कोरी राहतात. पण वळणारी सगळी वाहने पुढच्या यू-टर्नला जातात आणि तिथे शाळेची बस थांबते. परवा तिथल्या वॉचमनने बोलावून दुभाजकाच्या टोकावरचा ताजा काळा पट्टा दाखवला. रविवारी आम्ही तिथे टेप घेऊन जाणार आहोत.